गैरहजरांची नोंद

आमच्यासारख्या जुन्या घराण्यांत वह्यांचा आणि कागदांचा तुटवडा कधींच नसतो. मूल जन्मास आलें कीं घटिकापळें धरून त्याची पत्रिका मांडली जाते. मुंजी-लग्नांच्या खर्चाच्या याद्या वर्षानुवर्षें जपल्या जातात. कोणाचें श्राद्ध कोणत्या तिथीस, हें देवघराच्या फडताळांतील टांचणावरून विनासायास सांगतां येतें. नाशिकास किंवा त्र्यंबकेश्वरास गेलें, तर तीर्थोपाध्याय आपल्या बाडांतून आमच्या पणज्या-खापरपणज्यांचीं नांवें काढून दाखवितात. असें असूनहि या सर्व कागदांत एक गोष्ट मात्र कोठेंहि लिहिलेली आढळत नाहीं. घरांतील कोणाचें मन केव्हां बिघडलें, कोण दारूच्या आहारीं गेला, त्यावर कोणते उपाय केले आणि त्यांचा गुण आला कीं नाहीं, याविषयीं आमच्या वह्या मुक्या आहेत. अशा माणसाविषयीं फार तर 'त्यांचें पुढें जरा तसेंच झालें' एवढें एक वाक्य तोंडीं शिल्लक राहतें, आणि तें उच्चारणारी आजी गेली कीं तेंहि संपतें.

कोणी म्हणेल कीं ही लाज आपल्याला शास्त्रानेंच शिकविली. तसें मुळींच नाहीं. चरकसंहितेंत निदानस्थानाचा सातवा आणि चिकित्सास्थानाचा नववा अध्याय उन्मादास दिलेला आहे. चिकित्सास्थानाचा चोविसावा अध्याय मदात्ययाचा, म्हणजे मद्यापासून उद्भवणाऱ्या विकारांचा आहे. विमानस्थानांत रोग्याची जी दशविध परीक्षा सांगितली आहे, तींत प्रकृति, विकृति, आहारशक्ति, वय यांच्याच पंक्तीस 'सत्त्व', म्हणजे मनाचें बळ, बसविलें आहे. ज्वराच्या रोग्यास वैद्यानें जे प्रश्न विचारावयाचे, तेच उन्मादाच्या रोग्यासहि विचारावयाचे, ही त्या ग्रंथाची दृष्टि. लपवाछपवी मागाहून आमची आम्हीं आणली.

प्रस्तुत लेखकाचा वैद्यकाशीं व्यवसायाचा संबंध नाहीं. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण, पाठशाळेंतील संस्कृत आणि तीसहून अधिक वर्षांची मास्तरकी एवढेंच त्याचें भांडवल. तरीहि रुग्णालयांतील नोंदींविषयीं चार शब्द लिहावेसे वाटतात, याचें कारण घरांतच घडलें.

आमचा एक धाकटा चुलतभाऊ सांगलीस हळदीच्या अडतीवर हिशेबनीस होता. पैचीहि चूक होऊं न देणारा म्हणून त्याची बाजारांत ख्याति. पंचेचाळिशीनंतर त्याला झोप येईनाशी झाली. कशांत मन लागेना. जेवणाच्या पानावरून तो अर्ध्यांत उठूं लागला. झोपेसाठीं म्हणून रात्रीं थोडी घेऊं लागला, आणि दोन वर्षांत ती थोडी राहिली नाहीं. पुढील सहा वर्षांत त्याच्या बायकोनें त्याला सांगली, मिरज, कऱ्हाड आणि सातारा अशा चार गांवीं नेलें. मध्यंतरीं घरच्यांच्या समाधानासाठीं नरसोबाच्या वाडीसहि एक सप्ताह झाला. एके ठिकाणीं त्याच्या उदासीनतेवर औषध मिळालें, पण दारूची चौकशी झाली नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं दारू सुटली, पण तिच्या मुळाशीं असलेली उदासीनता कोणाच्या कागदावर नव्हती. प्रत्येक ठिकाणीं नवा केसपेपर, आणि प्रत्येक केसपेपरवर पहिल्यापासूनची कहाणी. आमची भावजय एकदां मला म्हणाली, "भाऊजी, एकच गोष्ट चार डॉक्टरांना चारदां सांगितली. चौथ्या वेळीं कोणतें औषध त्यांना सोसलें नव्हतें, तेंच आठवेना. मीं कोठें लिहून ठेवलें होतें?"

त्यानंतर तो न्हाणीघरांत पाय घसरून पडला आणि मांडीचें हाड मोडलें. एका खासगी रुग्णालयांत शस्त्रक्रिया ठरली. पूर्वी एके ठिकाणीं, घरांतील वडीलधाऱ्यांच्या आग्रहावरून, त्याच्या कार्डावर 'पोटाचा विकार' एवढेंच लिहिलेलें होतें. तेंच कार्ड पुढें करण्यांत आलें. दारूविषयीं कोणी विचारलें नाहीं आणि कोणी सांगितलें नाहीं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या रात्रीं मात्र त्याचें अंग थरथरूं लागलें, घाम सुटला. चादरीवर मुंग्यांच्या रांगा चालल्या आहेत म्हणून तो ओरडूं लागला. सलाईनची नळी त्यानें उपटून काढली. नातेवाइकांपैकीं एकानें अंगारा आणण्यासाठीं माणूस धाडला. रात्रपाळीचा एक तरुण डॉक्टर तेवढ्यांत आला, त्यानें रोग्याकडे पाहिलें आणि भावजयीला बाजूस नेऊन शांतपणें विचारलें, "ताई, हे रोज किती घेत असत? शेवटची केव्हां घेतली?" तिनें खरें सांगितलें.

नित्य पिणाऱ्याची दारू एकाएकीं बंद झाली, म्हणजे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास हा भ्रम होऊं शकतो, आणि उपचार न मिळाल्यास तो प्राणघातकहि ठरतो. आधीं ठाऊक असेल तर तो बहुधा टाळतां येतो. अंग शांत करणारीं औषधें आणि थायमीन नांवाचें जीवनसत्त्व वेळेवर सुरू करावें लागतें. आमचा भाऊ चार दिवसांत शुद्धीवर आला. तो डॉक्टर नंतर म्हणाला, "पहिल्या दिवशीं केसपेपरवर हें असतें, तर बहुधा ही रात्र आली नसती." ज्याला आपण केवळ कारकुनी समजतों, त्या एका ओळीच्या नोंदीवर एका कर्त्या माणसाचा जीव अडकला होता, हें त्या दिवशीं आम्हां सर्वांस कळलें.

पुढें काहीं महिन्यांनीं एका उपचारसंस्थेनें आपल्या जुन्या नोंदवह्या नीट लावण्यासाठीं निवृत्त मंडळींची मदत मागितली. गुप्ततेची लेखी हमी देऊन मी आणि माझे एक स्नेही, निवृत्त पोस्टमास्तर, दुपारचे तीन-तीन तास तेथें बसूं लागलों. वह्या लिहिणाऱ्यांनीं कष्ट घेतले नव्हते असें नाहीं. पण एकाच माणसाचें नांव तीन ठिकाणीं तीन तऱ्हांनीं लिहिलेलें. पत्त्याच्या रकान्यांत नुसतें 'वाई', तें शहर कीं तालुका कळावयास मार्ग नाहीं. निदानाच्या रकान्यांत एका डॉक्टरांचें इंग्रजी संक्षिप्त अक्षर, तर दुसऱ्यांचा नुसता 'पूर्ववत्' हा शब्द. आणि सर्वांत शेवटचा, 'पुढें काय झालें' हा रकाना पानेंच्या पानें कोरा.

त्या कोऱ्या रकान्यापाशीं माझ्यांतील मास्तर अडला. शाळेचा हजेरीपट आणि रुग्णालयाची वही यांत एक मूलभूत फरक आहे. हजेरीपटावर सर्व मुलांचीं नांवें आधींच लिहिलेलीं असतात. जें मूल येत नाहीं, त्याच्या नांवापुढें गैरहजेरीची खूण पडते, आणि ती खूण आठ दिवस सारखी पडत राहिली कीं मास्तरास त्याच्या घरीं जाऊन चौकशी करावी लागते. रुग्णालयाच्या वहींत जो आला त्याचेंच नांव लागतें. जो दुसऱ्यांदा आला नाहीं, तो तेथें गैरहजरहि नसतो. तो तेथें नसतोच. तो बरा झाला म्हणून आला नाहीं, कीं औषध सोसलें नाहीं म्हणून, कीं एस्टीचें भाडें नव्हतें म्हणून, कीं जगांतूनच गेला म्हणून, हें वही सांगूं शकत नाहीं. मोडलेल्या हाडाचा रोगी आला नाहीं तर बहुधा तो चालूं लागला असें समजतां येईल. मनाच्या आणि व्यसनाच्या आजारांत उलटें आहे. ज्याला उपचाराची सर्वांत अधिक गरज, तोच बहुधा पहिला गैरहजर.

नोंदींच्या या कामाचा इतिहास पाहिला, तर त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंचें नांव प्रथम घ्यावें लागतें. क्रिमियाच्या युद्धांत सन १८५४ च्या अखेरीस त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयांत गेल्या. तेथें मृत्यूंच्या निरनिराळ्या वह्यांचा एकमेकींशीं मेळ नव्हता. आंकडे जुळविल्यावर दिसून आलें, कीं जखमांपेक्षां घाणीमुळें होणाऱ्या रोगांनीं सैनिक कितीतरी अधिक मरत होते. लोक त्यांना हातीं दिवा घेतलेली परिचारिका म्हणून ओळखतात; पण त्यांचें खरें शस्त्र तक्ता हें होतें. सन १८६० त लंडन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढें त्यांनीं सर्व रुग्णालयांसाठीं एकाच नमुन्याचे तक्ते मांडले. ते फार काळ टिकले नाहींत. रकाने फार आणि लिहिणाऱ्याचा वेळ थोडा. यांतला बोधहि लक्षांत ठेवण्यासारखा आहे. जो तक्ता दमलेल्या माणसाला भरतां येत नाहीं, तो कितीहि विद्वत्तेचा असला तरी व्यर्थ होय.

आतां आपल्या देशाकडे वळूं. बंगलोरच्या निम्हान्स या संस्थेनें सन २०१५-१६ त पहिली राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. तींत १२ राज्यें होतीं. प्रौढांमध्यें शेंकडा सुमारें १०.६ जणांना त्या वेळीं कोणता ना कोणता मानसिक विकार होता, असें तींत आढळलें. आणि दारूच्या विकारानें ग्रस्त असलेल्यांपैकीं शेंकडा ८६ जणांना उपचार मिळालेलाच नव्हता. या १२ राज्यांत गुजरात होता, मध्य प्रदेश होता, छत्तीसगड होता. महाराष्ट्र मात्र नव्हता. म्हणजे आमच्या राज्याविषयीं बोलतांना आम्हांला त्या वेळीं शेजाऱ्यांच्या आंकड्यांवरून अंदाज बांधावे लागले. सन २०१९ त अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केंद्र सरकारसाठीं केलेल्या व्यसनविषयक पाहणीचा अहवाल आला. त्याप्रमाणें देशांत सुमारें ५ कोटि ७० लक्ष लोकांना दारूच्या त्रासाबद्दल मदतीची आवश्यकता होती, आणि दारूवांचून राहूं न शकणाऱ्या ३८ जणांपैकीं केवळ एकास कांहीं उपचार मिळाला होता.

घरोघर फिरून केलेल्या अशा पाहण्या किती जण आजारी आहेत हें सांगतात. पण त्या दहा-दहा वर्षांनीं होतात, आणि जिल्ह्याचें चित्र त्यांत दिसत नाहीं. सातारा आणि सांगली यांची स्थिति तर याहून चमत्कारिक आहे. हे दोन जिल्हे सन १९४९ त उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे वेगळे झाले, आणि दक्षिण साताऱ्यास सन १९६० त सांगली हें नांव मिळालें. पण रोग्यांनीं ती सीमा कधींच मानली नाहीं. कऱ्हाडचा रोगी मिरजेस जातो. मिरजेंत कृष्णेपलीकडून, कर्नाटकांतूनहि, रोगी येतात. आजार फार वाढला तर कोणी येरवड्यास, कोणी रत्नागिरीस नेतो. कर्नाटकानें सन २०२१ त मानसिक आरोग्याच्या नोंदींसाठीं 'ई-मानस' नांवाची संगणकीय व्यवस्था सुरू केली. माणूस सीमा ओलांडतो. त्याचा कागदहि त्याच्याबरोबर ओलांडूं शकला पाहिजे.

पोलिसांच्या वह्यांचेंहि येथें स्मरण होतें. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आंकड्यांप्रमाणें सन २०२२ त देशांत १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकीं २२,७४६ महाराष्ट्रांतल्या, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. हा आंकडा आम्हांला मिळतो, कारण मृत्यूची नोंद कायद्यानें करावीच लागते. पण ज्यानें प्रयत्न केला आणि जो वांचला, तो रुग्णालयाच्या दारांतून आंत आला होता. त्याला वांचविलें, पोट धुतलें, आणि घरीं धाडलें. त्याच्या मनाची चौकशी कोणी केली काय, महिन्यानें त्याला कोणी बोलावलें काय, हें सांगणारी वही कोठें आहे? मेलेल्यांची गणती आम्ही चोख करतों. वांचलेल्यांची केली, तर पुढल्या वर्षीं पहिली वही कांहीं पानांनीं तरी लहान होईल.

नुसती गणती करून काय होणार, असें विचारणाऱ्यांस गोमंतकाकडे बोट दाखवितां येईल. तेथील 'संगत' या संस्थेनें साध्या दवाखान्यांत येणाऱ्या रोग्यांस ठराविक प्रश्न विचारून उदासीनता व चिंता हुडकण्याची आणि प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक स्त्रियांकडून त्यांस धीर व मार्गदर्शन देण्याची पद्धत अजमावली. सन २०१० त तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत ही मदत मिळालेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ६५.९ सहा महिन्यांत बरे झाले होते. न मिळालेल्यांपैकीं शेंकडा ४२.५. खासगी डॉक्टरांकडे मात्र दोन्हींत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं, आणि हेंहि त्यांनीं प्रांजळपणें छापलें. पुढें सन २०१७ त दारूविषयींचा प्रयोग प्रसिद्ध झाला. घातक प्रमाणांत पिणाऱ्या ३७७ पुरुषांचे, जणूं चिठ्ठ्या टाकून, दोन गट केले. एकास नेहमीचे उपचार, दुसऱ्यास त्यांशिवाय समुपदेशनाच्या थोड्या बैठकी. तीन महिन्यांनीं दुसऱ्या गटांतील शेंकडा ३६ जण घातक पिण्यापासून दूर झाले होते, पहिल्यांतील शेंकडा २६. आमच्या राज्यांतहि अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत झालेल्या कामानें उदासीनतेनें ग्रासलेल्यांपैकीं मदत घेणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ४.३ वरून २७.२ वर नेलें. यांतील एकहि गोष्ट 'आधीं किती, मग किती' हें लिहून ठेवल्यावांचून कळली नसती.

आतां आक्षेपांकडे येतों, कारण ते पोकळ नाहींत. माझ्या भावजयीनें ही चर्चा ऐकून विचारलें, "भाऊजी, हें सगळें यंत्रांत गेलें आणि उद्यां मुलीचें स्थळ आलें, तर?" या प्रश्नाला हंसून चालणार नाहीं. आपल्या समाजांत एका माणसाच्या आजाराचा दंड साऱ्या घराला भरावा लागतो. नोकरी, भाड्याचें घर, सोयरीक, सर्वत्र तो आडवा येतो. म्हणून नोंदीचे दोन भाग स्पष्टपणें वेगळे केले पाहिजेत. रोग्याचा नांवानिशीं कागद हा रोगी आणि त्याचा डॉक्टर यांच्यापुरता. जिल्ह्याला आणि राज्याला हवे असतात ते आंकडे. त्यांना नांव लागत नाहीं. तेवढ्यानेंहि भागत नाहीं. एखाद्या लहान गांवांतील 'बेचाळीस वर्षांचा एक शिक्षक' असें छापलें, तर नांव न छापतांहि तें नांवच होतें. म्हणून जेथें संख्या अगदीं लहान असेल, तेथें ती उघड करूं नये.

सन २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सन २०१८ पासून अंमलांत आहे. त्याच्या कलम २३ नें मानसिक रोग्यास गुप्ततेचा हक्क दिला आहे, आणि कलम २५ नें स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा. हे दोन्ही हक्क एकत्र वाचावयाचे आहेत. वही परक्यापासून झांकलेली असावी आणि ज्याची आहे त्याला उघडी असावी. पुष्कळ ठिकाणीं व्यवहार याच्या अगदीं उलट आढळतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांस सर्व ठाऊक. रोग्याला मात्र आपल्या औषधाचें नांव ठाऊक नाहीं.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रांत नांव न सांगण्याची एक थोर परंपरा आहे, हेंहि विसरूं नये. सन १९३५ त अमेरिकेंत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या मंडळाच्या सभेंत माणूस आपलें आडनांव सांगत नाहीं; पण न पितां किती दिवस गेले, हें मात्र मोजून सांगतो. नांव झांकून ठेवावें आणि दिवस मोजावे, हा त्या मंडळींचा शहाणपणा रुग्णालयांनीं अवश्य उचलावा. पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनीं सन १९८६ त सुरू केलेलें 'मुक्तांगण' आणि साताऱ्यास डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं स्थापिलेली 'परिवर्तन' संस्था यांच्यामुळें, व्यसन हें पाप नसून आजार आहे, ही भाषा आमच्या भागांत रुजली. आजार म्हटला कीं त्याचा कागद आला. आणि कागदाची लाज वाटत असेल, तर 'आजार' हा शब्द आम्हीं नुसता तोंडानें घेतला, मनानें नाहीं, असें म्हणावें लागेल.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे. आंकडे मागितले कीं लोक आंकडे सजवितात. निकाल शेंकडा शंभर लागावा म्हणून कच्च्या मुलांना परीक्षेसच न बसविणारे वर्ग मीं पाहिले आहेत. तसेंच एखादें केंद्र 'आमच्याकडील बहुतेक बरे होतात' असें म्हणेल, तेव्हां विचारावें, कीं बहुतेक म्हणजे कोणांपैकीं? जे महिनाभर टिकले त्यांपैकीं, कीं जे पहिल्या दिवशीं दारांतून आंत आले त्या सर्वांपैकीं? भागाकाराचा छेद बदलला कीं उत्तर बदलतें, हें सातवींतील मुलासहि कळतें. शिवाय या आजाराचा स्वभावच पुनः उलटण्याचा आहे. पुनः प्यालेला माणूस ही केंद्राची नामुष्की मानली, तर केंद्र त्याची नोंद करणार नाहीं, आणि तोहि तोंड दाखविणार नाहीं. मधुमेह्याची साखर पुनः वाढली म्हणून कोणी दवाखान्यास नांवें ठेवीत नाहीं. आमचा चुलतभाऊ त्या रात्रीनंतर दोन वेळां पुनः प्याला. दोन्ही वेळां परत उपचारास आला, आणि त्याच्या कागदावर दोन्ही तारखा आहेत. आज तो घरीं आहे, वाण्याच्या दुकानचे हिशेब लिहितो. या दोन तारखा लपविल्या असत्या, तर तिसऱ्या वेळीं कोठें जावें हें त्याला कळलें नसतें.

मग लिहावें तरी काय? माझ्या अल्प बुद्धीस असें वाटतें, कीं प्रत्येक रुग्णालयानें थोडेंच लिहावें, पण सर्वांनीं तेंच लिहावें. रोगी प्रथम केव्हां आला. कोणाच्या सांगण्यावरून आला, आणि आजार सुरू झाल्यावर किती काळानें. मनाचा विकार आणि व्यसन, या दोन्हींची चौकशी झाली काय. कोणतें औषध सुरू केलें आणि कोणतें सोसलें नाहीं. पुढें केव्हां बोलाविलें. आणि त्या दिवशीं आला नाहीं, तर कोणी विचारपूस केली काय. व्यसनाच्या चौकशीसाठीं जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची सोपी प्रश्नावली पूर्वींपासून उपलब्ध आहे. तिला पांच मिनिटेंहि लागत नाहींत. हाड मोडून आलेल्या रोग्यासहि ती विचारावी. सहावा रकाना तेवढा हजेरीपटासारखा असावा. नांव आधीं, खूण नंतर. ज्या वहींत गैरहजर दिसतो, त्याच वहीवरून कोणी त्याच्या दारापर्यंत जाऊं शकतो.

सुज्ञ वाचकांनीं आपापल्या घरीं एवढें तरी करावें. घरांत मनाचा किंवा व्यसनाचा आजार असेल, तर शंभर पानी वही घालावी. तींत तारीख, डॉक्टर, औषधाचें नांव व मात्रा, आणि काय सोसलें, काय सोसलें नाहीं, हें लिहावें. ती वही कपाटांत कुलूप लावून ठेवावयास हरकत नाहीं. पण डॉक्टरांकडे जातांना ती घरीं विसरूं नये, आणि दवाखान्यांत खोटें निदान लिहून देण्याचा आग्रह धरूं नये. रात्रीं-अपरात्रीं कोणाशीं बोलावें असा प्रसंग आला, तर सन २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक पंचांगाच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवण्यासारखा आहे. आणि ज्यांचा रुग्णालयांशीं, पंचायतींशीं, नगरपालिकांशीं संबंध येतो, अशा वाचकांस एकच विनंति, कीं आपल्या दवाखान्याची वही एकदां मागून पाहावी, आणि शेवटचा रकाना भरलेला आहे काय, एवढेंच विचारावें. कोणी विचारीत आहे हें कळलें, म्हणजे तो भरला जाऊं लागतो, असा शाळेंतील अनुभव आहे.